यात्रेचे फुटेज, लिनक्स आणि अडखळणारी टाइमलाइन

माघ पौर्णिमेच्या आगेमागे गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकसा स्थानकाचे रूपच पालटते. सालेकसा तालुक्यातले हे छोटे स्थानक मुंबई-हावडा मार्गावर आहे. छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगण, ओडिशा अशा चहू दिशांनी आलेले गोंड भाविक इथे उतरतात आणि धनेगावच्या बाजूने कचारगडच्या गुहेकडे निघतात. पिवळे फेटे, सतरंगी झेंडे, ढोल, ‘जय सेवा’चा घोष, आणि गेल्या काही वर्षांत या सगळ्याच्या वर उंच धरलेले मोबाइल आणि कॅमेरे.

गोंडी परंपरा सांगते, की काली कंकाली मातेची मुले याच गुहेत कोंडलेली होती, पारी कुपार लिंगो यांनी ती सोडवली आणि दारावरची शिळा हलली ती हिरासुका पाटालीर या वादकाच्या संगीताने. १९८० च्या दशकात नागपूरचे गोंडी अभ्यासक मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून हे ठिकाण पुन्हा समाजापुढे आले आणि यात्रा वाढत गेली. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा नोंदवणारे सुमारे २९ लाख ८० हजार लोक होते, तरी ही भाषा अजून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. अशा भाषेतली गाणी आणि भाषणे कॅमेऱ्यात येतात, तेव्हा त्या चित्रणाला लग्नाच्या व्हिडिओपेक्षा वेगळे मोल असते. वर्ष उलटेपर्यंत ते पुन्हा टिपता येत नाही.

टिपणे सोपे झाले आहे. अडचण येते घरी आल्यावर. लॅपटॉप जुना, विंडोजचा परवाना घ्यायला पैसे नाहीत म्हणून किंवा आवडीने त्यावर लिनक्स टाकलेले. कार्डावरची क्लिप प्लेअरमध्ये छान चालते, पण संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनवर ठेवली, की चित्र थिजते, आवाज पुढे पळतो, कधी नुसता काळा पडदा दिसतो. मग कुणीतरी सांगते, ‘आधी कन्व्हर्ट कर.’ सल्ला अर्धाच बरोबर आहे. कशात, कशासाठी आणि खरोखर गरज आहे का, हे त्यात येत नाही.

मुळात ही फाइल चालवायला जड का जाते? सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत, पुढच्या एक्सएव्हीसी-एसमध्ये आणि बहुतेक फोनमध्ये चित्र एच.२६४ या कोडेकने दाबलेले असते. नव्या फोनमध्ये त्याहून घट्ट एचईव्हीसी असते. या पद्धती प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. एक पूर्ण फ्रेम, मग पुढच्या काही फ्रेममध्ये फक्त काय बदलले त्याची नोंद. किराणा दुकानदार महिन्याच्या पहिल्या पानावर शिल्लक लिहितो आणि पुढे नुसती जमा-उधारी मांडत जातो, तसे. सतरा तारखेची शिल्लक हवी असेल तर पहिल्या पानापासून बेरीज करत यावे लागते. चित्रपट सरळ बघताना ही बेरीज ओघात होत राहते. संकलक मात्र पुढे जातो, मागे येतो, मधेच कापतो, आणि प्रत्येक वेळी प्रोसेसरला बेरीज नव्याने करावी लागते.

संकलनासाठीच्या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असते. ॲपलचा प्रोरेस आणि ॲव्हिडचे डीएनएक्सएचडी व डीएनएक्सएचआर हे त्यांतले प्रसिद्ध. प्रोसेसरचा भार उतरतो, पण फाइल फुगते. एव्हीसीएचडीचा दर सेकंदाला २४ मेगाबिट धरला, तर एका तासाला सुमारे ११ जीबी होतात. तोच तास १०८०पी, २५ फ्रेमच्या डीएनएक्सएचआर एसक्यू या मधल्या दर्जात सुमारे १२० मेगाबिटने ५४ जीबी घेतो. प्रोरेस ४२२ चा आकडाही जवळपास तेवढाच आहे, प्रोरेस एलटीचा ३८ जीबीच्या आसपास. तीन तासांचे फुटेज म्हणजे दीडशे जीबीहून जास्त. जुन्या लॅपटॉपच्या २५६ जीबी डिस्कवर ही चैन परवडत नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा असावा: रूपांतर न करता भागते का? केडेनलाइव्ह आणि शॉटकट या दोन्ही मुक्त सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सीची सोय आहे. सॉफ्टवेअर पार्श्वभूमीवर प्रत्येक क्लिपची एक हलकी, कमी रेझोल्यूशनची प्रत तयार करते. कापाकापी त्या प्रतीवर होते आणि अंतिम रेंडर मूळ फाइलवरून निघते. केडेनलाइव्हमध्ये प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा टॅब आहे. तिथे एकदा खूण केली, की ठरावीक रुंदीपेक्षा मोठ्या क्लिपच्या प्रती आपोआप बनतात. चार जीबी रॅमच्या यंत्रावर एचडी संकलन करायचे तर हाच राजमार्ग. डिस्क वाचते आणि मूळ दर्जाला धक्का लागत नाही. ज्यांचे सगळे फुटेज एकाच कॅमेऱ्याचे आहे, त्यांनी बहुधा इथेच थांबावे.

प्रॉक्सीने न सुटणाऱ्या अडचणी मात्र आहेत. त्यांतली सर्वांत परिचित दाविंची रिझॉल्व्हची. रंगकामासाठी नावाजलेल्या या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती लिनक्सवर मिळते, म्हणून उत्साही मुले ती उतरवून घेतात आणि मग फोनची एकही क्लिप उघडत नाही. लिनक्सवरच्या मोफत आवृत्तीने वर्षानुवर्षे एच.२६४ वाचलेले नाही, आणि एएसी आवाज तर पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीतही येत नसे. नवी आवृत्ती घेताना तिच्या सोबतची कोडेकची यादी आधी वाचावी. त्यात आपला कोडेक नसेल तर रूपांतराला पर्याय नाही: चित्र डीएनएक्सएचआरमध्ये, आवाज पीसीएममध्ये, आणि दोन्ही एकत्र ठेवणारी डबी, म्हणजे कंटेनर, एमओव्ही.

दुसरी अडचण फोनची. बहुतेक फोन फ्रेमचा वेग एकसारखा ठेवत नाहीत. उजेड कमी झाला, फोन तापला, की सेकंदाला ३० च्या जागी २७ किंवा २४ फ्रेम येतात. उन्हातल्या मिरवणुकीतून गुहेच्या अंधारात चालत जाणारा फोन हे हमखास करतो. प्लेअर प्रत्येक फ्रेमचा शिक्का बघून तो फरक निभावतो, पण संकलनाचे सॉफ्टवेअर एकच ठोका धरून चालते, त्यामुळे गाण्याचे ओठ आणि आवाज यांची फारकत होते. फरक केवढा पडतो याचा अंदाज एका साध्या हिशेबातून येतो: २९.९७ फ्रेमची क्लिप ३० ची धरून चालवली, तरी तासाभरात ३.६ सेकंदांची तफावत साचते. केडेनलाइव्हच्या अलीकडच्या आवृत्त्या अशी क्लिप आत घेतानाच इशारा देतात आणि रूपांतर सुचवतात. शॉटकटही संकलनयोग्य प्रत करून देऊ करतो आणि तीन पातळ्या दाखवतो: लहान फाइलची, मधली आणि अजिबात हानी न करणारी. मधली पुरेशी असते. फोनच्या क्लिपसाठी हा इशारा कधीही उडवून लावू नये.

आता कार्ड उतरवण्याकडे. इथे घाई सर्वांत महाग पडते. एव्हीसीएचडी कॅमेऱ्याच्या कार्डावर ‘प्रायव्हेट’ नावाचा फोल्डर असतो, त्यात एकात एक फोल्डर, आणि शेवटी ‘स्ट्रीम’मध्ये एमटीएस फाइली. अनेकजण तेवढ्याच फाइली ओढून घेतात आणि बाकीचा पसारा टाकून देतात. तसे करू नये. ‘प्रायव्हेट’ फोल्डर आहे तसा, आख्खा, तारखेच्या नावाने डिस्कवर घ्यावा. कारण कार्डाच्या फाइल-पद्धतीच्या मर्यादेमुळे लांब चित्रण दोन किंवा चार जीबीच्या तुकड्यांत मोडते, आणि कोणता तुकडा कुणाच्या मागे हे त्या पसाऱ्यातच लिहिलेले असते. २४ मेगाबिटने चार जीबी जेमतेम २३ मिनिटांत भरतात. कचारगडच्या व्यासपीठावरचे एखादे भाषण सहज तेवढे चालते.

तुकडे आधी वेगवेगळे बदलून मग टाइमलाइनवर जोडले, तर सांध्यावर आवाजाचा बारीक गचका बसतो, कारण कॅमेऱ्याने फाइल फ्रेमची हद्द बघून कापलेली नसते. एमटीएस फाइलींना लिनक्सवर सरळ उपाय आहे. टर्मिनलमधल्या ‘कॅट’ आदेशाने तुकडे क्रमाने एकापुढे एक ओतून एक मोठी फाइल करावी आणि मग तिचे रूपांतर करावे. या डबीची रचनाच प्रवाहाची असल्याने हे चालते. एमपी४ वर हा प्रयोग करू नये. तिथे नुसते ओतल्याने फाइल जोडली जात नाही.

प्रत घेतल्यावर ती शाबूत आहे का हे तपासायला ‘आरसिंक’ची चेकसम तुलना किंवा ‘शा२५६सम’ वापरावे. पाच-दहा मिनिटे जातात, जाऊ द्यावीत. प्रत ज्या डिस्कवर घ्यायची तिचे स्वरूपही बघून घ्यावे. बाजारातल्या पेन ड्राइव्ह आणि जुन्या बाह्य डिस्क पुष्कळदा एफएटी३२ असतात आणि त्यांवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. रूपांतर रात्रभर लावून ठेवले आणि सकाळी प्रत्येक फाइल चार जीबीवर तुटलेली सापडली, तर दोष कोडेकचा नसतो. फक्त लिनक्सवर वापरायची डिस्क ईएक्सटी४ करावी. गावातल्या विंडोजवाल्या मित्रालाही द्यायची असेल तर एक्सएफएटी. लिनक्सच्या ५.४ पासूनच्या कर्नेलला, म्हणजे २०१९ अखेरपासून, एक्सएफएटी स्वतःहून कळते.

रूपांतरापूर्वी प्रत्येक प्रकारच्या एका क्लिपची ओळख करून घ्यावी. ‘मीडियाइन्फो’ हे छोटे सॉफ्टवेअर कोडेक, रेझोल्यूशन, फ्रेमचा वेग, तो स्थिर की बदलता, आणि चित्र इंटरलेस आहे का, हे सगळे एका पानावर दाखवते. या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबायला हवे.

भारतात विकले गेलेले बहुतेक जुने हँडीकॅम १०८०आय, म्हणजे इंटरलेस पद्धतीने टिपतात. सेकंदाला पन्नास अर्धी चित्रे: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. स्थिर दृश्यात काही जाणवत नाही. पण वाऱ्यावर फडफडणारा झेंडा किंवा घेर धरून नाचणारी मंडळी संगणकाच्या पडद्यावर आली, की हलत्या कडांना दातेरी कंगवा फुटतो. रूपांतर करताना हे दाते काढता येतात. एफएफएमपेगमध्ये ‘याडिफ’ आणि त्याहून सुधारलेला ‘बीडब्ल्यूडिफ’ असे दोन फिल्टर त्यासाठीच आहेत. प्रत्येक अर्ध्या चित्राची एक पूर्ण फ्रेम केली तर सेकंदाला ५० फ्रेम मिळतात, नाच लोण्यासारखा दिसतो आणि डीएनएक्सएचआरची फाइल दुप्पट होते, तासाला शंभर जीबीच्या वर. दोन अर्ध्या चित्रांची मिळून एक फ्रेम केली तर २५ राहतात आणि हालचाल किंचित ठेचकाळते. भाषणांना २५ पुरतात, नाचाला ५० द्यावेत. सगळ्या फुटेजला एकच नियम लावण्याची गरज नाही.

एक सापळा इथे आहे. काही कॅमेरे २५ पूर्ण फ्रेम टिपतात, पण फाइलवर शिक्का इंटरलेसचा मारतात. तिथे फिल्टर लावला तर विनाकारण चित्राची धार जाते. म्हणून कागदावरच्या नोंदीपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवावा: जोरात हललेल्या हाताची फ्रेम थांबवून बघावी. दाते दिसले तर फिल्टर, नाहीतर नाही.

प्रत्यक्ष रूपांतराचे हत्यार म्हणजे एफएफएमपेग. फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आज केडेनलाइव्ह, शॉटकट, ओपनशॉट या सगळ्यांच्या पोटात काम करतो. डेबियन आणि उबुंटूच्या भांडारात तो पूर्ण मिळतो. फेडोरात मात्र पेटंटच्या कारणाने एच.२६४ वगळलेली आवृत्ती येते, म्हणून आरपीएम फ्यूजन हे भांडार आधी जोडावे लागते, ओपनसुसेसाठी पॅकमन. ‘लिनक्सवर क्लिपच चालत नाही’ या तक्रारीमागे कित्येकदा एवढेच कारण असते.

आदेशाचा सांगाडा लहान आहे. मूळ फाइलचे नाव, चित्राचा कोडेक डीएनएक्सएचडी, प्रोफाइल डीएनएक्सएचआर एसक्यू, रंगरचना आठ बिट ४:२:२, आवाज १६ बिट पीसीएम, नमुनादर ४८ किलोहर्ट्झ, आणि शेवटी एमओव्ही शेपटीचे नवे नाव. प्रोफाइल लिहायला विसरले तर जुन्या डीएनएक्सएचडीचे नियम लागू होतात. त्यात ठरावीक रेझोल्यूशन, ठरावीक फ्रेमवेग आणि ठरावीक बिटदर यांच्याच जोड्या चालतात, आणि आदेश लांबलचक यादी दाखवून बंद पडतो. फोनच्या क्लिपसाठी स्थिर फ्रेमवेगाची सूचना त्यात घालावी. फोल्डरभर फाइली एका दमात बदलण्यासाठी छोटी स्क्रिप्ट लिहिली, तर लिनक्सला लहान-मोठी अक्षरे वेगळी वाटतात हे ध्यानात असू द्यावे: कॅमेरा शेपटी मोठ्या अक्षरांत लिहितो, स्क्रिप्ट लहान अक्षरांत शोधते आणि ‘एकही फाइल नाही’ म्हणून मोकळी होते. टर्मिनलची भीती वाटणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे प्राथमिक धडे मराठी आवाजातही आहेत. आणि सगळी क्लिप लावण्याआधी दहा सेकंदांचा तुकडा बदलून, टाइमलाइनवर ठेवून बघावा.

एचडीव्ही टेपचा जमाना अजून संपलेला नाही, हेही सांगायला हवे. तालुक्यातल्या व्हिडिओवाल्यांच्या कपाटात २००० च्या दशकातल्या टेप असतात आणि त्यांत जुन्या यात्राही असू शकतात. त्या फायरवायरने, ‘डीव्हीग्रॅब’ वापरून, जेवढ्या तासांची टेप तेवढे तास देऊन उतरवाव्या लागतात. त्यातले चित्र १४४० गुणिले १०८० असते आणि पडद्यावर आडवे ताणून दाखवायचे असते. रूपांतरात ही ताणाची नोंद हरवली, की सगळी माणसे काटकुळी दिसू लागतात.

रूपांतराने काय होत नाही, तेही स्पष्ट असावे. आठ बिटांचे फुटेज दहा बिटांच्या प्रोरेसमध्ये टाकल्याने त्यात नवा तपशील उगवत नाही. गुहेच्या तोंडाशी आकाश पांढरेफटक जळले असेल, ढोलाच्या ठोक्याला माइक फाटला असेल, तर ते डीएनएक्सएचआरमध्येही तसेच राहते. त्यावरचा इलाज टिपतानाच करायचा: एक्स्पोजर आपोआप न ठेवता गुहेच्या आतल्या किंवा बाहेरच्या उजेडापैकी एकासाठी बांधून घ्यावे, आवाजाची पातळी हाताने खाली आणावी, रात्रीच्या दिव्यांखाली शटर १/५० ठेवावे म्हणजे आपल्या ५० हर्ट्झ विजेचा लुकलुकाट पकडला जात नाही. कॅमेरा २५ फ्रेमवर असेल तर फोनही २५ वर लावावा. ओपन कॅमेरासारख्या मुक्त ॲपमध्ये पुष्कळ फोनवर ही निवड मिळते. नाहीतर ३० चे २५ करताना दर सहावी फ्रेम गळते आणि नाचणाऱ्यांची पावले नेमकी तिथे अडखळतात. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. केडेनलाइव्ह आवाजावरून दोन क्लिप जुळवूनही देते. पूजेच्या जागी कॅमेरा काढण्यापूर्वी तिथल्या जाणत्यांना विचारणे हे तर तंत्राच्याही आधीचे.

संकलन संपल्यावर फुगलेल्या प्रती खुशाल पुसाव्यात. त्या हव्या तेव्हा पुन्हा करता येतात. मूळ फाइली मात्र पुसू नयेत, एव्हीसीएचडीच्या तर मुळीच नाहीत. एव्हीसीएचडी कॅमेरा चित्रणाची तारीख-वेळ चित्राच्या प्रवाहातच लिहून ठेवतो आणि रूपांतरात ती नोंद बहुधा गळते. ‘एक्झिफटूल’ ती मूळ फाइलमधून वाचून देते. नव्या फाइलच्या नावात ती तारीख, जागा आणि प्रसंग घालावा. पुढे कोणी अभ्यासक २०२५ ची यात्रा शोधत आला, तर ‘शून्य शून्य शून्य सात’ नावाच्या फाइलीतून त्याला काही कळणार नाही.

गाण्यांना उपशीर्षके द्यायची तर ती चित्रावर कायमची चिकटवण्याऐवजी वेगळ्या एसआरटी फाइलीत, यूटीएफ-८ मध्ये ठेवावीत, म्हणजे गोंडी, मराठी आणि हिंदी अशा तीन फाइली एकाच चित्राला पुरतात. गोंडी देवनागरीत लिहिली तर कुठेच अडत नाही. मसराम गोंडी ही लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाला गोंडी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. दोन्हींसाठी नोटो कुटुंबातले मोफत फॉन्ट आहेत आणि लिनक्सवर ते सहज बसतात. पण बघणाऱ्याच्या फोनमध्ये तो फॉन्ट नसेल तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतील. या लिप्या वापरायच्याच असतील, तर तेवढ्यापुरती एक वेगळी प्रत चित्रावर अक्षरे चिकटवून रेंडर करावी.

मूळ फोल्डर, प्रोजेक्टची फाइल, उपशीर्षके आणि अंतिम चित्रपट एवढे दोन वेगळ्या डिस्कवर गेले आणि दोन्ही प्रती उघडून पाहिल्या, की कॅमेऱ्याचे कार्ड फॉरमॅट करायला हरकत नाही. ते कॅमेऱ्यातच करावे, संगणकावर नव्हे.